उलटी चाळणी

माझी मोठी आत्या तिला न समजलेली वस्तू घरात ठेवत नाही. आतोबांनी हौसेने आणलेलं वॉशिंग मशीन तिने परत पाठवलं होतं, कारण कपडे आतल्या आत फिरून त्यांचा मळ कुठे जातो, हे दुकानदाराला तिला पटेल असं सांगता आलं नाही. तो म्हणाला, नळीतून जातो. आत्याने नळीखाली पांढरी बादली लावून पाहिली. पाणी तिच्या मते पुरेसं काळं नव्हतं. "मंग राह्यलेला मळ गेला कुठी?" असं तिने विचारलं, दुकानदार हसला, आणि हसला म्हणून मशीन आलं त्याच टेम्पोत बसून मेहकरला परत गेलं.

तेव्हा मीही हसले होते. पुढे माझी पीएचडी तिच्या अंगणात त्याच बादलीसमोर येऊन उभी राहिली, तेव्हा हसू आलं नाही.

आमच्या घरात मोठे निर्णय आत्या घेते. जानेफळला बाबांचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे, ते कुठल्या गल्लीत काढायचं हेही साखरखेर्ड्याहून तिनेच ठरवलं होतं. बाबा लहान असताना आजी वारली आणि थोरल्या बहिणीनेच त्यांना वाढवलं, त्यामुळे बाबांना स्वतःचं मत असलं तरी ते आधी तिकडे तपासायला जातं. हैदराबादच्या एका संस्थेत मला पीएचडीसाठी घेतलं, हे मी घाबरत घाबरत सांगितलं तेव्हा बाबा खूश झाले, आईकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आक्काले पटव. आक्का हो म्हणे तं माह्यं हो."

होकार कळवायची मुदत आतेबहिणीच्या, म्हणजे याच आत्याच्या मुलीच्या, लग्नाच्या दिवशीच संपत होती. म्हणजे लग्नाच्या गडबडीत आत्याला गाठून पाच वर्षं हैदराबादला राहून मी काय करणार हे समजावून सांगायचं, आणि ते मराठीत.

इथे खरी अडचण होती. मी पहिलीपासून इंग्लिश मीडियमची. शाळेच्या व्हॅनमधून मेहकरला जायचं, दिवसभर मोडकं इंग्रजी बोलायचं आणि घरी येऊन गप्प बसायचं, अशी माझी वाढ झाली. पुढे पुण्यात एमएस्सीला गेले. तिथल्या मैत्रिणी माझ्या तोंडून "मले" ऐकलं की आनंदाने एकमेकींना कोपराने ढोसायच्या, म्हणून तिथेही गप्प. एकूण मला तीन भाषा येतात आणि तिन्हीत मी कमी बोलते. माझा विषय तर मला फक्त इंग्रजीत येत होता. तो विषय म्हणजे पेशीच्या पापुद्र्यात आरपार रुतून बसलेली प्रथिनं. परीक्षेत मी त्यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. आत्यासमोर त्याचं एक वाक्य होईना.

लग्नाच्या आधी आम्ही साखरखेर्ड्याला मदतीला गेलो. ओसरीवर आत्या, आई आणि शेजारची काकू तुरीची डाळ चाळत बसल्या होत्या. ही काकू नात्यातली कुणीच नाही, पण आत्याच्या घरातलं कुठलंही बोलणं तिच्याशिवाय सुरू होत नाही.

"सांग," आत्या म्हणाली. "भाऊचा फोन आल्ता. म्हणे पाच वर्सं जायचं हाय. कशासाठी जायचं ते सांग."

"मेंब्रेन प्रोटीनवर काम आहे," मी म्हणाले.

"प्रोटीन तं डाळीत असते," काकू म्हणाली. "डाळ आमी इथंच चाळून राह्यलो. त्याच्यासाठी हैदराबादले काऊन जा लागते?"

आईने मान खाली घातली. ती हसत होती की काळजीत होती, ते दिसलं नाही.

मी पुन्हा सुरुवात केली. म्हटलं, आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीच्या आत पाणी, बाहेरही पाणी, आणि मध्ये तेलासारखा एक पातळ पापुद्रा. भाजीवर तर्री येते ना, तसा.

"चारी बाजूनं तर्री?" आत्याने विचारलं.

"हो, चारी बाजूंनी."

"चांगलं हाय," आत्या म्हणाली. तिला एकदम पटलं. "मंग मीठ आत कसं जाते? मीठ तेलात विरघळत नाई."

पुण्यात हा प्रश्न आमच्या वर्गाला सरांना स्वतःच विचारून स्वतःच उत्तर द्यावं लागलं होतं. मी भराभर सांगितलं, की त्यासाठीच त्या पापुद्र्यात ही प्रथिनं उभी असतात. एक टोक आत, एक टोक बाहेर, आणि मधून वाट. दारच म्हण.

"घर हाय तं दार पाह्यजेच," आत्या म्हणाली, आणि चाळणी पुन्हा हलवायला लागली. काकूनेही मान डोलावली. आईने माझ्याकडे अभिमानाने पाहिलं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण न बोलणाऱ्या माणसाला एकदा बोलणं जमलं की थांबणं जमत नाही. मी शेजारच्या सुपातला एक शेंगदाणा उचलला आणि चाळणीतला डाळीचा एक दाणा घेतला. म्हटलं, "मी ज्या दारावर काम करणार आहे ते फार हुशार आहे. हा शेंगदाणा म्हणजे पोटॅशियम. ही डाळ म्हणजे सोडियम, मिठातलं. सोडियम लहान, पोटॅशियम मोठं. तर या दारातून शेंगदाणा आरामात जातो, आणि डाळ अडते."

चाळणी थांबली.

"लहान अडते?" आत्या म्हणाली.

"हो."

"अन् मोठं जाते?"

"हो."

"भोक तेच?"

"तेच."

आत्याने चाळणी उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरली. तिच्या छिद्रांतून मला तिचा चेहरा तुकड्यातुकड्यांत दिसत होता. "हे काय हाय?"

"चाळणी."

"हिच्यातून काय पडते?"

"बारीक."

"अन् वर काय राह्यते?"

"मोठं."

"अशी चाळणी मले कोण्या दुकानदारानं देली असती ना, का जिच्यातून दगड पडते अन् माती वर राह्यते, तं म्या ती त्याच्याच डोक्यावर हाणली असती. अन् तू म्हणतं त्या चाळणीसाठी पाच वर्सं जातं!"

काकू म्हणाली, "तिथं समदं उलटंच असन माय. तिथं भातही सकाळीच खातात म्हणे."

मी समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, सोडियम एकटं नसतं, पाण्यात त्याच्याभोवती पाण्याचे कण चिकटलेले असतात, कोटासारखे. पोटॅशियमलाही असतात. पण दारात पोटॅशियमला तो कोट काढणं परवडतं, सोडियमला परवडत नाही.

"मीठ पाण्यात कोट घालून फिरते?" आत्याने विचारलं.

"म्हणजे, एका अर्थी."

"अन् दारात कोट काढते?"

"काढत नाही. म्हणूनच अडतं."

तिघींनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. आईने हात लांबवून माझ्या कपाळाला ताप आहे का ते पाहिलं.

"मी शिक्षणाच्या आड येणारी नव्हं," आत्या शेवटी म्हणाली. "पण लग्नात मले शंभर जण विचारतीन, भावाची पोरगी काय करते. मले सांगता आलं पाह्यजे. उलट्या चाळणीवर शिकते असं मी सांगू काय? नीट कायतरी आण. नाई तं राहू दे ते हैदराबाद. इथंच कॉलेजात कुठी लागशीन."

परत जानेफळला आल्यावर मी बाबांच्या दुकानात, खतांच्या पोत्यांमागे उभी राहून तालीम केली. बाबा गिऱ्हाईक नसलं की ऐकायचे. त्यांना मी सांगितलं, की तुम्ही विकता त्यातली काही औषधं किडीच्या अंगातली अशीच, पण सोडियमची, दारं उघडी अडकवून ठेवतात, म्हणून कीड तडफडून मरते. बाबा फार प्रभावित झाले. बाटली हातात घेऊन बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे आक्काले सांगू नको. ती म्हणन, फवारणी शिकाले कशाले पाह्यजे पाच वर्सं."

तर, लग्नाचा दिवस आला तरी माझ्याकडे नीट कायतरी नव्हतं. मी फोन कमरेला खोचलेल्या पिशवीत ठेवला होता. त्यात संस्थेचा मेल होता, आणि त्या मेलला उत्तर द्यायची आजची शेवटची संध्याकाळ.

आत्याने मात्र लग्नाची तयारी युद्धासारखी केली होती, आणि हे युद्ध मानपानाचं होतं. आमच्याकडे वऱ्हाडी मंडळींना मांडवात शिरताना कुंकवाचा टिळा, टोपी, दुपट्टा आणि अत्तर असा मान असतो. घरातल्या मागच्या एका लग्नात गर्दीत कुणा पाहुण्याची टोपी राहून गेली, आणि त्या टोपीची आठवण ते लोक अजून प्रत्येक कार्यात काढतात. तसं पुन्हा होऊ नये म्हणून आत्याने स्वतः डोकं चालवून युक्ती केली. मांडव घालणाऱ्या बिछायत केंद्रवाल्याला तिने मांडवाची कमान अरुंद करायला लावली.

"बाई, लोकं कमान रुंद मागतात," तो म्हणाला.

"लोकायच्या टोप्या राह्यतात," आत्या म्हणाली. "माह्या दारातून एका टायमाले एकच माणूस आला पाह्यजे. एकही बिना मानाचा आत जाऊ नाई."

कमानीच्या दोन्ही बाजूंना एकेक टेबल लावलं. गर्दीने सरकू नये म्हणून टेबलं खांबांना सुतळीने करकचून बांधली. प्रत्येक टेबलामागे दोन बायका. डावीकडे टिळा लावायला आत्या आणि दुपट्ट्याला काकू. उजवीकडे टोपीला आई, आणि अत्तराला जी बाई होती ती ऐनवेळी पुऱ्यांकडे गेली, म्हणून मी. मी तेव्हा कूलरच्या मागे उभी होते. लग्नात माझी जागा तीच असते; वारं लागतं आणि आवाजामुळे कुणी काही विचारत नाही. आईने मला दंडाला धरून तिथून उपटून टेबलामागे लावलं.

वाजंत्री आली, वरात आली. आणि सगळ्यात पुढे व्याही, म्हणजे नवरदेवाचे वडील.

व्याही फार मोठे होते. उंचीने नव्हे, चारी बाजूंनी. आणि ते एकटे चालत नव्हते. त्यांच्या अंगाला लागून त्यांची माणसं होती. एकजण डोक्यावर छत्री धरून, एकजण पाण्याची बाटली घेऊन, एकजण रुमालाने त्यांचा घाम टिपत, एकजण त्यांचा फोन सांभाळत. हा सगळा घोळका एकाच गठ्ठ्यासारखा मांडवाकडे आला आणि कमानीपाशी अडला. गठ्ठा आत मावेना.

"या, व्याहीबुवा!" आत्या ओरडली.

व्याहींनी एक पाऊल पुढे टाकलं आणि कमान भरून गेली. त्यांचं पोट दोन्ही टेबलांना टेकलं. आम्हां चौघींपैकी एकीलाही वाकावं लागलं नाही, लांब व्हावं लागलं नाही. आत्याचा अंगठा त्यांच्या कपाळावर, आईची टोपी डोक्यावर, काकूचा दुपट्टा गळ्यात, माझं अत्तर मनगटावर, हे सगळं एकाच वेळी झालं. काकूने दुपट्ट्याच्या टोकाने त्यांचा घाम टिपला. मी न सांगता त्यांना पाण्याचा ग्लास दिला. बाहेर राहिलेली माणसं जे जे करत होती ते ते आम्ही करत होतो, त्यामुळे ती सुटली हे व्याहींच्या लक्षातही आलं नाही. हसत हसत ते पलीकडे निघाले. पलीकडे आतोबा आणि भाऊबंद उभे होतेच, त्यांनी लगेच त्यांना घेरलं. आत गेल्यावर त्यांच्याभोवती पुन्हा तसाच घोळका झाला.

"सुतासारखा गेला माणूस," काकू म्हणाली.

मग आला नवरदेवाचा मामा.

मामा अगदी बारीक होता. सफारी सूट त्याने घातला होता की सफारी सुटाने त्याला आणलं होतं, सांगता येत नव्हतं. त्याच्याभोवतीही घोळका होता, व्याहींपेक्षा घट्ट, कारण माणूस लहान आणि मान मोठा. तो एकटा कमानीत शिरला आणि बरोबर मधोमध उभा राहिला. आणि आमचा कुणाचाच हात त्याच्यापर्यंत पोचेना.

आत्याने टेबलावरून वाकून अंगठा पुढे केला, तो हवेत राहिला. काकूने दुपट्टा फेकला, तो पलीकडच्या टेबलावर अत्तरात पडला. आईने टाचा उचलून टोपी कशीबशी टेकवली. ती कान ओलांडून नाकापर्यंत खाली आली. मी अत्तराचा फाया धरून शक्य तेवढी लांब झाले आणि मांडवाच्या हवेला अत्तर लावलं. शेवटी आत्याने मामाची बाही धरून त्याला आपल्या बाजूला ओढलं आणि टिळा लावला. पण तो डावीकडे गेल्याबरोबर उजवीकडच्या आम्ही दोघी आणखी लांब पडलो. मामाने टोपी वर करून पाहिलं, तर उजवीकडे दोन बायका हात अर्धवट पुढे करून उभ्या. एक फाया घेऊन, एक तोंड उघडं टाकून. फाया घेतलेली मी.

"हे काय?" मामा म्हणाला. "आमाले अर्धाच मान? या बाजूनं हातच येऊन नाई राह्यला!"

"नाई हो मामासाहेब, इकडं सरका थोडे," आई म्हणाली.

"मानासाठी आमी सरकत फिराव? इकडून तिकडं? मी मामा हाय का कॅरमची सोंगटी?"

आणि तो उलट्या पावली बाहेर गेला. त्याच्या माणसांनी त्याला ताबडतोब पुन्हा घेरलं. एकाने टोपी सरळ केली, एकाने रुमाल दिला, एकाने पान. घोळक्याच्या आतून त्याचा आवाज आला, "आमी इथंच बरे!"

मामा बाहेर म्हणजे लग्न बाहेर. मंगलाष्टकांना नवरदेवाच्या मागे मामा उभा लागतो. भटजींनी स्टेजवरून घड्याळ पाहिलं, माइकवर खोकले. नवरदेवाकडचे दोघं-तिघं समजावायला गेले, त्यांना मामाने पान देऊन आपल्याच घोळक्यात बसवून घेतलं. आतोबा हात जोडून आले, त्यांना मामा म्हणाला, तुमच्यावर राग नाई, त्या दारावर हाय.

आत्या पेटली. टेबल सरकवावं तर सुतळीच्या गाठी तिने स्वतः मारल्या होत्या, आणि त्या सुटेनात. "एवढा थोरला व्याही याच दारातून गेला," ती दात खात म्हणाली. "अंगाले घासून गेला पण गेला. अन् हा एवढासा, उंदरावाणी, हा अडते! मोठा जाते अन् लहान..."

ती थांबली.

मी माझ्या फायाकडे बघत होते. वर पाहिलं तर आत्या माझ्याकडे बघत होती.

"काय वं," ती म्हणाली.

"काय?"

"हेच काय ते?"

आणि तेव्हा मला ते दिसलं. चार बायका, आठ हात. माझ्या त्या दारातही चार सारखी प्रथिनं गोल उभी असतात आणि प्रत्येकाचे दोन दोन हात आत वळलेले असतात. पोटॅशियम आत आलं की आठही हात त्याला एकदम पोचतात, बाहेर पाणी जसं धरत होतं तसंच धरतात, म्हणून ते पाण्याला सोडून देतं. सोडियम लहान. इकडचे हात पोचले तर तिकडचे पोचत नाहीत. मग ते आपलं पाणी कशाला सोडेल? मी हे चार वर्षं वाचत होते, आणि आज दोन हातांनी स्वतः त्यात उभी होते आणि मला कळलं नव्हतं.

"हेच," मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला, कारण तो मोठा होता. "आत्या, हेच. पाणी म्हणजे त्याची माणसं. आपण चौघी पोचलो नाही, म्हणून तो माणसं सोडत नाही."

"कोण अडलं?" काकूने विचारलं. ती दुपट्टा पिळत होती.

"सोडियम," आत्या म्हणाली.

"मले वाटलं मामा."

"तोच तो." आत्याने पदर खोचला. "आता लवकर सांग. मंग अंगात त्या सोडियमचं काय करतात? थो काय जन्मभर बाहेरच रुसून बसते?"

"नाही. त्याचं वेगळं दार असतं."

"कसं?"

"जरा रुंद. तिथं त्याला एकटं व्हावं लागत नाही. थोडं पाणी अंगावर घेऊनच जातो."

"म्हंजे माणसं घेऊन?"

"सगळी नाही. दोन-तीन."

भटजींनी माइकवरून आठवण केली, मुहूर्त कुणासाठी थांबत नाही. आत्याने मांडवावरून नजर फिरवली. मागच्या बाजूला, स्वयंपाकाकडे, कनातीला एक मोठं खिंडार ठेवलं होतं. तिथून ट्रॅक्टरने सिलिंडर आणि कांदे आत आणले होते. आत्याने बोट दाखवलं. काकू आणि आई पळाल्या. स्टेजमागचं एक तोरण उपटून तिथे टांगलं, कांद्याच्या टरफलांवर एक लाल सतरंजी अंथरली. मी ताट उचलून धावले. हे माझ्या आयुष्यातलं मंडपातलं पहिलं धावणं.

आत्या स्वतः घोळक्यात शिरली. "मामासाहेब, तुमी इथं काऊन उभे? तुमचं दार तिकडं सजवून ठेवलं ना आमी. हे तं बाकीच्या लोकायचं हाय."

"व्याही इथूनच गेले," मामा संशयाने म्हणाला.

"म्हणून तं!" आत्या म्हणाली. "ते व्याही. तुमी मामा."

मामाने यावर विचार केला. यात व्याहींचा नेमका काय अपमान आहे ते त्याला कळलं नसावं, पण आहे हे कळलं. त्याचा चेहरा उजळला. एक छत्रीवाला आणि एक पानवाला बरोबर घेऊन तो निघाला, बाकीचे आपणहून गळले. वांग्याच्या भाजीच्या कढईला वळसा घालून, बुंदीच्या घमेल्यांमधून, छत्रीखाली, मामा सतरंजीवर आला. तिथे टेबल नव्हतं. आम्ही चौघी त्याच्या अगदी जवळ गेलो. टिळा लागला. आईने टोपीत मागे पिन मारून आणली होती. दुपट्टा थोडा ओला होता, पण सुगंधी होता. मी दोन्ही मनगटांना अत्तर लावलं, आणि घाबरून तिसऱ्यांदा छत्रीवाल्यालाही लावलं.

लग्न लागलं.

पंगतीत आत्या बुंदी वाढत फिरत होती आणि मी तिच्यामागे वरण घेऊन. कुणीतरी पहिला घास तोंडात असतानाच विचारलं, "ही भाऊची पोरगी ना? काय करते?"

माझा वरणाचा डाव हवेत थांबला.

"ही ना," आत्या म्हणाली, "अंगातल्या दारायचं शिकते. आपल्या अंगात बारीक बारीक दारं असतात. प्रत्येक दारावर चार जणी उभ्या. मोठा आला का सगळ्या हातानं त्याले धरतात, मंग थो माणसं बाहेर सोडून येते. लहानाले हात पुरत नाई, मंग थो रुसते. त्याले मागच्या दारानं आणा लागते."

"अन् नाई आणलं तं?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं.

"हात-पाय हलायचे नाहीत," मी म्हणाले. "हृदयही बंद."

"ऐकलं?" आत्या त्या माणसाला म्हणाली. "मुहूर्त टळते."

पुढच्या ओळीत तिने ते पुन्हा सांगितलं. तिसऱ्या ओळीत दारावर चार ऐवजी पाच जणी झाल्या होत्या आणि सोडियम कुठल्यातरी गावचा होता. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं. पण ऐकणारी म्हातारी इतकी रंगली होती, की मी तिच्या पानात वरण वाढलं आणि पुढे गेले. खरं तर दारातले हात हौसेने पुढे होत नाहीत, पोटॅशियमला गर्व नसतो आणि सोडियम रुसत नाही. हे सगळं सांगायला पाच वर्षं लागतील असं मला वाटलं, आणि पाठोपाठ आठवलं की ती मला अजून कुणी दिलेली नाहीत.

बाबा हात धुताना भेटले. "आक्का काय म्हणाली?"

"मला काहीच नाही म्हणाली."

"मंग?"

"मग काय. संध्याकाळ झाली."

बाबांनी ओले हात रुमालाला पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. आत्याला विचारायला ते दोनदा गेले आणि दोनदा बुंदी घेऊन परत आले.

मग बिदाई. बहीण गाडीपाशी आली आणि आत्याने जो टाहो फोडला, त्याने वाजंत्रीवालेसुद्धा थांबले. आत्या, बहीण, आई, काकू, सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मला सगळ्यांसमोर रडता येत नाही, पण काकूने ओढून घेतलं म्हणून मीही त्या गठ्ठ्यात होते, आत्याच्या खांद्याखाली कुठेतरी. बहिणीची गाडी हलली. आत्याने आणखी एक हुंदका दिला, पदराने नाक पुसलं, आणि त्याच रडक्या आवाजात माझ्या कानाशी विचारलं, "कळवलं काय वं हैदराबादले?"

"नाही."

"काऊन?"

"तू हो म्हणाली नाहीस."

ती रडायची थांबली. मला खांद्यापासून लांब धरून तिने पाहिलं. "अख्ख्या पंगतीले सांगतलं म्या, घसा बसेपर्यंत, का ही तिथं शिकाले जाते. अन् तू माह्या मागं डाव घेऊन उभी! आता तू गेली नाई तं त्या लोकायसमोर मी खोटी पडीन ना वं!" आणि बाबांकडे वळून ओरडली, "भाऊ, इले मोबाईल दे!"

"माझ्याकडे आहे," मी म्हणाले.

"मंग बसून काऊन राह्यली?"

मी बसले नव्हते, पण वाद घातला नाही. मांडवामागे, भांडी घासत होते तिथे जाऊन फोन काढला. बोटांना अत्तराचं तेल होतं, स्क्रीन ऐकेना. साडीला बोट पुसलं, पुन्हा दाबलं. तिकडे आत्याने मध्येच सोडलेलं रडणं परत सुरू केल्याचा आवाज आला, आणि मेल गेला.